तात्यांचा पाशिंजर

तात्या गांगुर्डे नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत राहायला आले, तेव्हा आम्हाला आधी त्यांचा आवाज कळला आणि मागाहून माणूस. जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट अडकलं होतं, चार हमाल घामाघूम झाले होते आणि खालून खर्जातला आवाज येत होता, "पुढं सरका, पुढं सरका, लय जागा हाय." जागा अजिबात नव्हती. कपाटाने भिंतीचे पोपडे उडवले, पण ते वर पोचलं. मग त्या माणसाने कपाटाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "जाऊ द्या." आता आणखी कुठे जायचं, ते हमालांना कळेना.

तात्या एसटीचे कंडक्टर होते. गाव वणीकडचं, पण उभी हयात गाडीत गेलेली. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, म्हणून ते मुलाकडे, सुनीलकडे राहत होते. रिक्षात बसवून कोणाला निरोप दिला की रिक्षाच्या टपावर दोन थापा. दूधवाल्याच्या सायकलच्या किटलीवर दोन थापा. आमच्याकडे सत्यनारायण होता, गुरुजी संकल्प सांगायला लागले आणि तात्यांनी मागून उभ्या उभ्या माणसं मोजून पूजा थांबवली. "एक बाई कमी हाय. मघाशी होती." बाई गॅस बंद करायला घरी गेली होती. ती परत येईपर्यंत तात्यांनी गुरुजींना हलू दिलं नाही. लग्नाच्या पंगतीत तर त्यांना जेवायला बसवणं अशक्यच. वाढपी मागे राहायचे आणि तात्या मधल्या वाटेने सगळ्यांना पुढे सरकवत हिंडायचे.

मी तेव्हा ओझरच्या शाळेत शिकवत होते आणि माझी जुई आठव्या महिन्यापासून नलूताईंच्या पाळणाघरात होती. त्या दिवसांत बाळंतपणाची रजा संपत आली की घराघरात हा एकच विषय. "पाळणाघरात? परक्या बाईकडे?" असं विचारणारे नातेवाईक मला ढिगाने भेटले. त्यांतल्या एकीनेही "मी येऊन राहते" असं म्हटलं नाही. सासूबाईंना गावचं घरदार नि गुरं सोडवत नव्हती, आईला माझ्या भावाचा संसार. दोघींनी मला काळजी मात्र भरपूर पुरवली.

सुनीलची बायको विद्या विमा कंपनीत होती. तिचा रोहन चार महिन्यांचा झाला तेव्हा तिच्याही घरी ही सभा बसली. विद्याची धुळ्याची आई दुसऱ्या नातवंडांत अडकलेली. सुनीलच्या मावशीने गुडघे पुढे केले. विद्या म्हणाली, "मग नलूताईंना विचारते." तात्या महिनाभरापूर्वीच रिटायर झाले होते आणि दारात उभे होते. ते म्हणाले, "मी हाय की."

सुनीलला चहा पिता पिता ठसका लागला. "तुम्ही? तात्या, मला तरी कधी उचललं होतं का तुम्ही?"

"तवा ड्युटी होती," तात्या म्हणाले. "आता नाय."

हे त्यांनी साधंच सांगितलं, पण ते खरं होतं. सुनील लहान असताना ते मुक्कामी गाडीवर असायचे. घरी यायचे तेव्हा पोर झोपलेलं, निघायचे तेव्हाही झोपलेलं. आपला मुलगा जागा असताना कसा दिसतो, हे त्यांना सुट्टीच्या दिवशीच कळायचं. विद्या त्यांच्याकडे बघत राहिली आणि "महिनाभर करून बघू" म्हणाली.

तात्यांनी ही ड्युटीच धरली. सकाळी आंघोळ करून, खाकी सोडून दिलेली म्हणून पांढरा सदरा घालून ते पाळण्याशेजारी हजर. लंगोट बांधायला ते दोन दिवसांत शिकले, फक्त गाठ इतकी घट्ट मारायचे की संध्याकाळी विद्याला ती सोडवायला सुई लागायची. तिकिटाचा पंच रिटायर होताना जमा करावा लागला होता. हाताला चैन पडेना, म्हणून ते नेलकटर घेऊन बसायचे आणि टिकटिक वाजवायचे. पोर खायला लागल्यावर टिकटिक झाली की रोहन तोंड उघडायचा आणि वरणभाताचा चमचा आत जायचा. "पाशिंजर जेवला," असं ते विद्याला संध्याकाळी सांगायचे. नातवाला नावाने हाक मारताना मी त्यांना क्वचितच ऐकलं.

अडचण एकच होती. पाशिंजर दुपारी झोपायचा नाही. पाळणा हलवा, खांद्यावर घ्या, ओव्या म्हणा, काही म्हणजे काही नाही. तात्यांच्या ओव्यांत चांदवड, मालेगाव, धुळे अशी थांब्यांचीच नावं असायची आणि पोरगं ती ऐकत टक्क जागं. मग एकदा सगळे वणीला देवीला गेले. येताना गाडी सुरू झाली आणि रोहनने पहिल्या खड्ड्यालाच मान टाकली, ती नाशिक येईपर्यंत. तात्यांना याचं कोण कौतुक. "रक्तात हाय," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की आजोबा-नातू द्वारकेच्या थांब्यावर. आधी त्यांनी शहर बसने बघितलं, पण ती शंभर ठिकाणी थांबते, दर थांब्याला पोरगं डोळे उघडतं. हायवेची गाडी बरी. द्वारकेला बसायचं, पिंपळगाव बसवंतला उतरायचं, समोरून येणाऱ्या गाडीने परत. तात्यांकडे पास होता, आणि नसता तरी त्या रस्त्यावर त्यांच्याकडून तिकीट मागणारा कंडक्टर अजून जन्मायचा होता. विद्याला हे फारसं पसंत नव्हतं. "लोकांची नातवंडं बागेत जातात," ती मला म्हणाली, "माझं पोर कांदा मार्केटला जातं." पण पोर दोन-दोन तास झोपत होतं, गुटगुटीत होत होतं, म्हणून तिने चालवून घेतलं.

मी सकाळच्या शाळेची. माझी शाळा सुटली की ओझरला पुष्कळदा मला त्यांचीच परतीची गाडी मिळायची. तात्या मागच्या सीटवर, खांद्यावर रोहन, त्याच्या पाठीवर त्यांचा पंजा. मी चढले की ते कुजबुजत म्हणायचे, "बाई, पुढं सरका, जागा हाय." गाडीत आम्ही मोजून दहा-बारा माणसं असायचो.

तर ही अशी वर्षभर सुरळीत चाललेली गाडी एका दुपारी तात्यांनी स्वतःच घालवली.

मालेगावची गाडी होती. पिंपळगाव आलं. रोहन शेजारच्या सीटवर पाय पसरून गाढ झोपला होता. तात्या त्याला उचलणार, एवढ्यात पुढे एक म्हातारी दोन बोचकी आणि एक पिशवी घेऊन दारात अडकलेली दिसली. आयुष्यभर ज्याने म्हाताऱ्यांची बोचकी उतरवली त्याला ते बघवेना. तात्यांनी एक बोचकं उतरवलं, दुसरं उतरवलं, मग म्हातारीला उतरवलं, पिशवी तिच्या हातात दिली. मागे वळून दार नीट लावलं, खिट्टी बसली की नाही ते ओढून पाहिलं. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जाऊ द्या."

आतला कंडक्टर पुढे पैसे मोजत होता. तात्यांचा आवाज म्हटल्यावर त्याने बघायचीही तसदी घेतली नाही. घंटी वाजवली आणि गाडी गेली. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तात्या समाधानाने उभे होते. मग त्यांनी रोजच्या सवयीने खांद्यावर थोपटायला हात नेला.

पुढचं ते सांगायचे तेव्हा त्यांना धाप लागायची. ते गाडीमागे धावले, साठीचा माणूस, हायवेवर. कांद्याचा एक टेंपो निघाला होता, त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. टेंपोवाल्याने आधी शिव्या दिल्या आणि ऐकल्यावर टेंपो असा काही हाणला की वाटेत दोन गोणी पडल्या. चांदवडच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. कंट्रोलरच्या टेबलावर रोहन मांडी घालून बसला होता, दोन्ही हातांत दोन बिस्किटं, भोवती सहा-सात ड्रायव्हर-कंडक्टर. सगळ्यांत मोठा साहेब तोच दिसत होता. तात्या दिसल्यावर मात्र त्याने भोकाड पसरलं.

ते विद्या यायच्या आधी घरी पोचले. पोराचं तोंड धुतलं, कपडे बदलले, भरवलं. कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. मी विरजण मागायला वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. विद्या नुकतीच आली होती, पर्स खांद्यालाच होती. तात्या भिंतीला लागून उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "विद्या, रिपोर्ट हाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोचकी, दार, थापा, काहीही न गाळता. विद्याने मध्येच खाली बसून रोहनला कवळ घातली. ती ओरडली नाही. ती रडत होती आणि पोराच्या कानामागे कांद्याचा वास येतोय का, हे हुंगत होती. मागोमाग घरी आलेला सुनील म्हणाला, "जाऊ दे ना, सापडला ना..." आणि तिने वर बघितल्यावर पाणी आणायला आत गेला.

"उद्यापासून नलूताईंकडे," ती म्हणाली.

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी वाटी तशीच घेऊन परत आले.

नलूताईंचं पाळणाघर पुढच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्यांत. बाई कडक. मुलांना एकदा दारात सोडलं की घरच्यांनी रेंगाळायचं नाही, संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायचं नाही, कारण एकाची आजी दिसली की आठ जणांना आपापली आजी आठवते. तात्यांना नियम मान्य होता. नियम म्हटला की त्यांना तो मान्यच असायचा. म्हणून ते समोरच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागले, खिडकीतून दिसणार नाही असे, डब्यांच्या आड. दुपारी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. चार दिवसांनी गिरणीवालाच खूश झाला. बायकांच्या डब्यांची रांग इतकी शिस्तीत कधी लागली नव्हती.

तिथे बसून ते पाळणाघराची तपासणी करायचे आणि संध्याकाळी मला अहवाल द्यायचे. "बाई, तुमची जुई कडेला झोपती. कडेची शीट चांगली नाय." किंवा, "आज एक जादा पोरगं घेतलं बाईनी. ओव्हरलोड हाय." पुढे पुढे तक्रारी आटल्या. एकदा ते म्हणाले, "बाई कडक हाय. पण गाडी टायमात चालवती." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

त्याच सुमाराला विद्या जिन्यात मला आनंदाने सांगत होती, की रोहन आता नलूताईंच्या सतरंजीवर सगळ्यांबरोबर झोपतो, ना गाडी लागत ना गाणं. तात्या खालून पिशवी घेऊन वर येत होते. त्यांनी विचारलं, "झोपतो?"

"हो ना तात्या. आडवं केलं की झोपतो."

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि आमच्याकडे रोजचा चहा घ्यायला न थांबता वर निघून गेले. मला फार वाईट वाटलं. पोर हरवलं होतं त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. घाबरलेल्या माणसाला निदान धावता तरी येतं. इथे त्यांच्याशिवाय सगळं नीट चाललं होतं आणि त्यावर त्यांना बोलायलाही जागा नव्हती.

पुढच्या शिमग्याच्या आसपास नलूताईंनी सगळ्या आयाबापांना संध्याकाळी थांबवून घेतलं. महिनाअखेरीला पाळणाघर बंद. त्यांची मुलगी पुण्याला नोकरीला, तिला बाळ झालं होतं आणि रजा संपत आली होती.

"पुण्यात तर चिक्कार पाळणाघरं आहेत," एक वडील म्हणाले.

"आहेत ना. पण परक्या बाईच्या ताब्यात पोर द्यायला तिचा जीव होत नाही."

मग आधी त्या वडिलांना हसू फुटलं आणि मग आम्ही सगळेच हसलो. नलूताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसा. मलाही कळतं. तुमची इतकी पोरं सांभाळली, पण माझ्या नातवाला कोणाकडे ठेवायचं म्हटलं की माझंच आतडं तुटतं." असं म्हणत त्या प्रत्येकाच्या बाटल्या आणि लंगोट वेगळे करून द्यायला लागल्या.

जुई आता बालवाडीच्या वयाची झाली होती, माझं भागलं. विद्या रविवारी एक नवं पाळणाघर बघून आली. भिंतींवर हत्ती आणि फुगे रंगवलेले, टीव्ही, गुळगुळीत फरशी. गच्चीवर गव्हाचं वाळवण राखत बसलो असताना ती मला म्हणाली, "सगळं चांगलं आहे गं. पण तिथल्या बाईने मला मुलाचं नाव विचारलं नाही, नुसतं वय विचारलं." मग ती हाताने गहू पसरत राहिली. तात्या टाकीच्या सावलीत कबुतरं हाकायला बसले होते.

"तात्या," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून रोहनला तुम्ही बघाल?"

तात्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"मला माझाच भरवसा नाय, विद्या. म्हातारीचं बोचकं दिसलं की मी सगळं इसरतो. उद्या पुन्हा इसरलो तर?"

"मला आहे भरवसा," विद्या म्हणाली. मग तिला खोटं बोलवेना. "म्हणजे पूर्ण नाही. पण त्या फुगेवालीपेक्षा जास्त आहे."

तात्या त्यावर खळखळून हसले. वर्षभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पण ते कबूल झाले ते एका अटीवर, आणि ती अट त्यांनी स्वतःच घातली. घरात सांभाळीन, गाडीत पाय ठेवणार नाही.

ती अट पंधरा-वीस दिवस टिकली. रोहन दुपारी घरातच झोपायचा आणि तात्या दारापासून गॅलरीपर्यंत येरझारा घालायचे, दाराची कडी ओढून बघायचे, पोर जागेवर आहे ना बघायचे, पुन्हा कडी. खालच्या मजल्यावर मला ती पावलं ऐकू यायची. शनिवारी विद्या अर्ध्या दिवसाने घरी आली, तिने हे बघितलं आणि आतून आपली एक जुनी ओढणी आणली.

"चला, उभे राहा. पिंपळगावला जाऊन या."

"नको. तो झोपतो आता घरी."

"तो झोपतो. तुम्ही कुठे झोपता? हात वर करा."

तिने ओढणीचं एक टोक तात्यांच्या कमरेला बांधलं आणि दुसरं रोहनच्या. मध्ये हातभर अंतर ठेवलं. मी दारात उभी राहून बघत होते. तात्या हात वर करून, मान खाली घालून गाठ बघत होते. "लग्नानंतर आज पयल्यांदा कोणी बांधतंय मला," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला हात खाली घ्यायची विद्याने त्यांना परवानगी दिली. मग दुक्कल निघाली. द्वारकेच्या थांब्यावरचे रिक्षावाले हसले म्हणे. तात्यांनी त्यांनाही बाजूला सरकवलं.

त्याच मे महिन्यात माझ्या यजमानांची जळगावला बदली झाली आणि आम्ही नाशिक सोडलं. तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या शनिवारी, शाळेचा निरोप घेऊन परतताना. ओझरला गाडीत चढले तर मागच्या सीटवर दोघं. रोहन अडीच वर्षांचा दांडगा झालेला, तात्यांच्या मांडीवर आडवा, ओढणी दोघांच्या पोटावर. दोघंही झोपले होते. कंडक्टर मला म्हणाला, "पिंपळगावला स्टँडवरच्या बाकावर झोपले होते, मीच उठवून या गाडीत बसवलं, बाई." मी शेजारच्या सीटवर बसले.

द्वारकेला विद्या थांब्यावर उभी होती. तिने रोहनला खांद्यावर घेतलं आणि गाठ सोडवायला लागली. ती गाठ निघताना तात्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा आवळलेली होती. नखाने सुटेना, दाताने सुटेना. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. "राहू दे," विद्या म्हणाली, "घरी जाऊन सोडू." आणि ती चालायला लागली.

चौकातल्या ट्रक-टेंपोंतून वाट काढत ती पुढे, तिच्या खांद्यावर झोपलेलं पोर आणि मागोमाग ओढणीच्या टोकाला तात्या. मी पिशवी सावरत फुटपाथवर उभी राहिले. एरवी सगळ्या जगाला पुढे सरकवणारा माणूस खाली मान घालून सुनेच्या मागे चालला होता. ती थांबली की थांबत होता, ती वळली की वळत होता. रस्ता ओलांडताना तिने वेग वाढवला, तसे तात्या धावायला लागले. पोराच्या कमरेला हिसका बसू नये म्हणून ते ओढणी ताणू देत नव्हते.